होम थिएटरचा विस्तार : दोन स्पीकरपासून सराउंडपर्यंत

सराउंड ध्वनिव्यवस्थेत श्रोत्याच्या पुढे, दोन्ही बाजूंना, मागे आणि अलीकडे डोक्यावरही स्पीकर असतात आणि त्यांतल्या प्रत्येकाला आपापला वेगळा ध्वनी मिळतो. बहुतेक घरांत ही व्यवस्था एका दिवसात उभी राहत नाही. आधी टीव्ही येतो, त्याचा पातळ आवाज पुरेनासा होतो म्हणून साउंडबार किंवा स्पीकरची जोडी येते आणि मग कधीतरी मागच्या स्पीकरांचा विषय निघतो. त्या टप्प्यावर काही गोष्टी ठरवाव्या लागतात. आहे ती यंत्रणा वाढू शकते का, कोणता स्पीकर आधी घ्यायचा, तो नेमका कुठे बसवायचा आणि खोली त्याला कितपत साथ देईल? दुकानात बोलणे होते ते स्पीकरांच्या संख्येचे आणि वॅटचे. प्रत्यक्ष परिणाम मात्र खरेदीच्या क्रमावर, जागेवर आणि खोलीवर अवलंबून असतो.

५.१ या आकड्यातले पाच म्हणजे समोरचा डावा, उजवा, मधला आणि बाजूचे दोन सराउंड असे पाच पूर्ण चॅनेल. पॉइंटनंतरचा एक हा फक्त खर्जाचा चॅनेल. सुमारे १२० हर्ट्झच्या वरचे त्यात काही नसते, म्हणून त्याला पूर्ण चॅनेलचा मान दिलेला नाही. ७.१ मध्ये श्रोत्याच्या पाठीमागे आणखी दोन स्पीकर येतात. ५.१.२ असे तीन आकडे असले, तर शेवटचा आकडा छताकडून येणाऱ्या आवाजाचा. टीव्ही-प्लेअरचा ध्वनी घेऊन तो स्पीकरांना वाटणाऱ्या एव्ही रिसिव्हरच्या खोक्यावर ७.२ छापलेले असते, तेव्हा शेवटच्या दोनचा अर्थ दोन सबवूफर, म्हणजे खर्जाचे स्पीकर, जोडण्याची सोय एवढाच असतो. असा सात चॅनेलचा रिसिव्हर एका वेळी ७.१ किंवा ५.१.२ यांपैकी एकच मांडणी चालवतो. दोन्ही एकत्र हवे असतील तर नऊ चॅनेल लागतात. खरेदीच्या वेळी हा मुद्दा स्पष्ट न झाल्याने पुढे अनेकांची अडचण होते.

प्रेक्षकाभोवती आवाज फिरवण्याची कल्पना जुनी आहे. वॉल्ट डिस्नेच्या ‘फँटेसिया’साठी १९४० साली ‘फँटासाउंड’ नावाची बहुचॅनेल व्यवस्था उभारली गेली, पण ती इतकी खर्चिक होती की मोजक्याच थिएटरांपर्यंत पोचली. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात डॉल्बी स्टीरिओने फिल्मच्या कडेच्या दोन ध्वनिपट्ट्यांत चार चॅनेल गुंफले आणि १९७७च्या ‘स्टार वॉर्स’ने ते तंत्र जगभर नेले. पुढे १९९२ साली ‘बॅटमॅन रिटर्न्स’बरोबर डॉल्बी डिजिटल आणि १९९३ साली ‘ज्युरासिक पार्क’बरोबर डीटीएस आले. भारतात १९७५चा ‘शोले’ ७० एमएमच्या पडद्यावर स्टीरिओफोनिक आवाजात दाखवला गेला, तर १९९४च्या ‘१९४२ : अ लव्ह स्टोरी’ने डॉल्बी स्टीरिओ आणले. डॉल्बी अ‍ॅटमॉसचा पहिला चित्रपट २०१२चा ‘ब्रेव्ह’. त्याच वर्षी तमिळ ‘शिवाजी’ची थ्रीडी आवृत्ती अ‍ॅटमॉसमध्ये आली.

घरात हे सारे उशिराने आणि तुकड्यातुकड्याने आले. १९८०च्या दशकातल्या डॉल्बी सराउंड आणि प्रो लॉजिक या पद्धतींत मागच्या दोन्ही स्पीकरांना एकच ध्वनी जाई, तोही ७ किलोहर्ट्झपर्यंत कापलेला. ‘मागचे स्पीकर छोटे आणि साधे असले तरी चालतात’ हा समज त्या काळातला आहे. डीव्हीडी आल्यावर पाचही चॅनेल स्वतंत्र आणि पूर्ण पट्टीचे झाले, तेव्हाच या समजाचा आधार गेला. तरी दुकानांत तो अजून ऐकू येतो.

अ‍ॅटमॉसची रचना याहून वेगळी आहे. हेलिकॉप्टरचा आवाज अमुक स्पीकरमधून यावा असे त्यात लिहिलेले नसते. तो आवाज खोलीतल्या कोणत्या बिंदूवर आहे ते नोंदलेले असते आणि कोणत्या स्पीकरमधून तो किती वाजवायचा याचा हिशेब रिसिव्हर करतो. त्यामुळे अ‍ॅटमॉसचा ध्वनिपट साध्या ५.१ मांडणीवरही नीट वाजतो, फक्त उंची मिळत नाही. छताचे स्पीकर नाहीत म्हणून काही ऐकू येणार नाही, अशी धास्ती बाळगण्याचे कारण नाही.

कोणता स्पीकर कुठे हवा, हे माणसाचे कान कसे काम करतात यावरून ठरते. डावीकडचा आवाज डाव्या कानाला किंचित आधी आणि किंचित मोठा ऐकू येतो. हा वेळेचा फरक जास्तीत जास्त एका मिलिसेकंदाच्या सुमारे दोन तृतीयांश असतो, तरी तेवढ्यावरून मेंदू दिशा ओळखतो. उंची ओळखायला कानाच्या पाळीचे वळण उपयोगी पडते. खर्जाची तरंगलांबी मात्र काही मीटरची असते, त्यामुळे साधारण ८० हर्ट्झच्या खालचा आवाज कुठून येतो ते कळत नाही. दिशेपुरते पाहिले तर एकच सबवूफर साऱ्या खोलीला पुरतो तो यामुळे. शिवाय एकच आवाज दोन ठिकाणांहून आला, तर जो आधी पोचतो त्याच्याच दिशेने तो आल्यासारखा वाटतो. म्हणून सराउंड स्पीकर कानाशी फार जवळ असेल आणि त्याची वेळ जुळवलेली नसेल, तर समोरचे चित्रही मागून बोलू लागते.

विस्ताराची पहिली अडचण जुन्या यंत्रणेत असते. एका खोक्यात पाच स्पीकर, सबवूफर आणि डीव्हीडी प्लेअर असे जे तयार संच मिळत, त्यांच्या स्पीकरांचे कनेक्टर अनेकदा त्या कंपनीपुरतेच असतात आणि अ‍ॅम्प्लिफायरही त्याच स्पीकरांसाठी बेतलेला असतो. त्यात बाहेरचा स्पीकर जोडण्याचा खटाटोप न केलेला बरा. साउंडबारची गोष्टही फारशी वेगळी नाही. मागचे वायरलेस स्पीकर आणि सबवूफर त्याच कंपनीचे, आणि पुष्कळदा त्याच मालिकेतले लागतात. तेव्हा साउंडबार घेतानाच त्याला पुढे काय काय जोडता येईल हे विचारून घ्यावे. मोकळा विस्तार फक्त स्वतंत्र एव्ही रिसिव्हर आणि साध्या स्पीकरांच्या मांडणीत होतो, कारण तिथे कोणत्याही कंपनीचा स्पीकर दोन तारांनी जोडता येतो. रिसिव्हरला प्री-आउट, म्हणजे ध्वनी बाहेर काढून देणाऱ्या जोडण्या, असतील तर पुढे बाहेरचा पॉवर अ‍ॅम्प्लिफायरही लावता येतो. ज्याला वाढत जायचे आहे त्याने पहिला खर्च रिसिव्हरवर करावा आणि गरजेपेक्षा दोन चॅनेल जास्तीचा रिसिव्हर घ्यावा.

समोर दोन चांगले स्पीकर आधीच असतील, तर तिसरा स्पीकर मधला असावा. चित्रपटातले बहुतेक संवाद मधल्या चॅनेलमध्येच असतात. अगदी मधोमध बसणाऱ्या एकट्या माणसाला दोन स्पीकरांमधूनही पात्राचा आवाज पडद्याच्या मध्यावरून आल्यासारखा वाटतो, पण घरात चारपाच माणसे सोफ्यावर, दिवाणावर, खाली सतरंजीवर बसलेली असतात. कडेला बसलेल्याला सारे संवाद जवळच्या स्पीकरमधूनच ऐकू येतात. मधला स्पीकर शक्यतो पुढच्या जोडीच्याच मालिकेतला घ्यावा, नाहीतर डावीकडून उजवीकडे जाणाऱ्या गाडीच्या आवाजाचा पोत मध्येच बदलतो. तो टीव्ही युनिटच्या खणात आत ढकलू नये. फळीच्या पुढच्या कडेशी आणून, खाली असेल तर तोंड किंचित वर करून ठेवला की संवाद स्वच्छ होतात. ‘संवाद ऐकू येत नाहीत, पार्श्वसंगीत मात्र कानठळ्या बसवते’ ही तक्रार पुष्कळदा एवढ्यानेच सुटते.

त्यानंतर सबवूफर की सराउंडची जोडी, याबद्दल जाणकारांत दुमत आहे. पुढचे स्पीकर लहान, म्हणजे फळीवर मावणारे असतील तर आधी सबवूफर घेणे शहाणपणाचे. खर्जाला सर्वाधिक शक्ती लागते. ८० हर्ट्झच्या खालचा भार सबवूफरच्या स्वतःच्या अ‍ॅम्प्लिफायरने उचलला की रिसिव्हर मोकळा होतो आणि छोटे स्पीकरही मोठ्याने वाजताना फाटत नाहीत. ८० हर्ट्झची ही सीमा रुजवण्यात टॉमलिन्सन होलमन यांच्या टीएचएक्स मानकाचा मोठा वाटा आहे. पुढे मोठे उभे स्पीकर असतील तर सराउंडची जोडी आधी घ्यायला हरकत नाही.

सराउंडची जागा कागदावर सोपी असते. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार समोरचे दोन स्पीकर श्रोत्याच्या नजरेच्या रेषेपासून ३० अंशांवर आणि सराउंड १०० ते १२० अंशांवर असावेत, म्हणजे कानाच्या रेषेपासून थोडे मागे. ७.१ मध्ये मागची जोडी १३५ ते १५० अंशांवर येते. खाली बसवायचे सर्व स्पीकर साधारण कानाच्या उंचीला, सराउंड हवे तर थोडे वर.

पुण्यामुंबईच्या फ्लॅटमधला हॉल हा कागद मानत नाही. दहा बाय पंधराची खोली, एका भिंतीला टीव्ही आणि समोरच्या भिंतीला टेकलेला सोफा, एका बाजूला बाल्कनीचे सरकते दार आणि दुसरी बाजू जेवणाच्या टेबलाकडे उघडी. सोफ्यामागे जागाच नाही. अशा ठिकाणी सराउंडची जोडी सोफ्याच्या दोन टोकांना, कानाच्या बरोबर रेषेत किंवा किंचित पुढे आली तरी चालते, पण ती डोक्यापासून हातभर दूर आणि फूट-दोन फूट वर हवी. कडेला बसणाऱ्याच्या थेट कानात ती बोलता कामा नये, म्हणून तोंड समोरच्या सराउंडकडे वळवावे. बाल्कनीच्या बाजूला भिंत नसेल तर स्टँड वापरावा. दोन्ही स्पीकर एकाच प्रकारे बसत नाहीत म्हणून एक भिंतीवर उंच आणि एक टेबलावर खाली असे करू नये. दोघांची उंची जुळणे जास्त महत्त्वाचे. आणि सोफा भिंतीला टेकलेला असताना ७.१ वर पैसे घालण्यात अर्थ नाही. मागचे दोन स्पीकर श्रोत्यापासून निदान तीनचार फूट मागे नसतील, तर बाजूचे कोणते आणि मागचे कोणते हे कानाला कळतच नाही. त्या दोन चॅनेलांचा उपयोग छताकडे करावा, ५.१.२ मांडणी अशा खोलीत कितीतरी जास्त देते.

छताच्या आवाजाचे दोन मार्ग आहेत. एका मार्गात पुढच्या स्पीकरवर वरच्या दिशेने तोंड असलेला छोटा स्पीकर ठेवतात आणि त्याचा आवाज छतावर आपटून खाली येतो. त्यासाठी छत सपाट, कडक आणि साधारण साडेसात ते बारा फूट उंचीचे लागते. नुसता प्लास्टर केलेला स्लॅब यासाठी चांगला, पण पीओपीच्या फॉल्स सीलिंगमधल्या पायऱ्या, खाचा आणि मधला पंखा आवाज विस्कटून टाकतात. दुसऱ्या मार्गात स्पीकर छतातच किंवा छताजवळ ब्रॅकेटवर बसवतात. आवाज थेट कानाशी येतो आणि परिणाम निश्चित मिळतो. फॉल्स सीलिंग करायचे ठरलेच असेल तर हाच मार्ग घ्यावा.

सबवूफरची जागा ठरवताना खोलीचे गणित आड येते. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ठरावीक वारंवारतेच्या लाटा अडकतात. त्यामुळे काही ठिकाणी खर्ज फुगतो, तर काही ठिकाणी जवळपास नाहीसा होतो. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. त्यावरून दहा फूट रुंदीच्या खोलीत ५६ हर्ट्झला आणि पंधरा फूट लांबीत ३७ ते ३८ हर्ट्झला ही अडवणूक होते. छतही दहा फुटांच्या आसपास असेल तर ५६ हर्ट्झचा घुमारा दुप्पट जाणवतो. महागडा सबवूफरही एका खुर्चीवर दणदणतो आणि शेजारच्या खुर्चीवर गप्प असतो, याचे कारण हेच. यावर घरच्या घरी करता येणारा उपाय असा. सबवूफर उचलून आपल्या नेहमीच्या बसण्याच्या जागेवर ठेवायचा, खर्जाचे स्वर सलग चालणारा एखादा संगीताचा तुकडा लावायचा आणि भिंतीकडेने ओणवे फिरत, कान खाली ठेवून ऐकायचे. जिथे सगळे स्वर सारखे आणि नेटके ऐकू येतात तिथे सबवूफर ठेवायचा. ध्वनीचा मार्ग दोन्ही दिशांनी सारखाच असल्याने ही युक्ती लागू पडते. कोपऱ्यात खर्ज सर्वांत जास्त मिळतो, पण नेटका क्वचितच मिळतो.

स्पीकर वाढले की विजेचा हिशेबही पाहावा लागतो. वॅट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, आणि कानाला दुप्पट मोठा वाटायला सुमारे १० डेसिबल, म्हणजे दहापट शक्ती लागते. ८० आणि १०० वॅटच्या रिसिव्हरमधला फरक कानाला जवळजवळ कळत नाही. एका वॅटला स्पीकर किती डेसिबल देतो हा आकडा त्याहून कामाचा आहे. ओहमकडेही लक्ष हवे. ४ ओहमचा स्पीकर ८ ओहमच्या स्पीकरपेक्षा दुप्पट प्रवाह ओढतो आणि स्वस्त रिसिव्हर त्याने तापतो. तारेसाठी साधा नियम पुरेसा आहे. आठ ओहमच्या स्पीकरला दहा मीटरपर्यंत दीड स्क्वेअर एमएमची तांब्याची तार, त्याहून लांब किंवा चार ओहम असेल तर अडीचची. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची तार स्वस्त मिळते, पण तिचा रोध तांब्याच्या जवळपास दीडपट असतो. ‘वायरलेस’ स्पीकरलाही प्लग लागतोच, तेव्हा सोफ्यामागे पॉइंट आहे का ते आधी पाहावे. अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून रिसिव्हर आणवला तर तो बहुधा १२० व्होल्टचा असतो आणि आपल्या २३० व्होल्टवर थेट लावला तर जळतो. त्याला स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो.

टीव्हीकडून रिसिव्हरकडे आवाज आणण्याच्या केबलवरही पुष्कळ काही अवलंबून आहे. जुन्या ऑप्टिकल केबलमधून जास्तीत जास्त डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएसचा ५.१ जातो. एचडीएमआयच्या एआरसी जोडणीतून ओटीटीवरचा अ‍ॅटमॉस मिळू शकतो, कारण तो संकुचित स्वरूपात असतो. ब्लू-रेवरचा संपूर्ण ध्वनिपट टीव्हीमार्गे न्यायचा तर ईएआरसी हवे. ब्लू-रे प्लेअर किंवा स्ट्रीमिंगचा डबा थेट रिसिव्हरला जोडणे त्यातल्या त्यात बिनघोर. सगळे जोडूनही आवाज फक्त पुढूनच येत असेल, तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट ‘पीसीएम’वर आहे का ते पाहावे. बहुतेक वेळा दोष तिथेच सापडतो. सेट-टॉप बॉक्स जोडताच स्पीकरमधून सतत गुणगुण येऊ लागली, तर केबलवाल्याच्या तारेतून येणारा अर्थिंगचा फरक हे त्याचे नेहमीचे कारण असते.

बसवून झाल्यावर जुळवणी. बहुतेक रिसिव्हरांबरोबर छोटा मायक्रोफोन येतो आणि ऑडिसी, वायपीएओ, डिरॅक अशा नावांची प्रणाली खोली मोजते. मायक्रोफोन गादीवर न ठेवता ट्रायपॉडवर, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला लावावा. पंखा, एसी आणि शक्य तर फ्रिजही तेवढ्यापुरता बंद करावा. प्रणाली प्रत्येक स्पीकरचे अंतर आणि पातळी ठरवते. सराउंड दीड मीटरवर आणि पुढचे तीन मीटरवर असतील, तर सराउंडचा आवाज सुमारे साडेचार मिलिसेकंद रोखून धरते, म्हणजे सारे एकाच वेळी कानी पडते. सबवूफरचे अंतर प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवले गेले तर ती चूक समजून बदलू नये. सबवूफरच्या आतल्या सर्किटला लागणारा वेळ त्यात धरलेला असतो. उलट पुढचे स्पीकर ‘लार्ज’ ठरवले गेले असतील तर ते ‘स्मॉल’ करून सीमा ८० हर्ट्झवर आणावी. लाल आणि काळ्या टोकांची अदलाबदल झाली असेल तर आवाज पोकळ होतो आणि खर्ज गळतो, तेही याच वेळी तपासावे.

जे मायक्रोफोनला जमत नाही ते खोलीनेच करावे लागते. व्हिट्रिफाइड टाइल, काच आणि उघड्या भिंती आवाज परतवत राहतात आणि संवादांच्या कडा त्यात विरघळतात. सोफ्यासमोर जाड गालिचा, दाराला भरीव पडदे आणि मागच्या भिंतीला पुस्तकांचे कपाट एवढ्याने पडणारा फरक रिसिव्हर बदलून पडत नाही. भिंतीपलीकडे शेजारी राहतात, याचाही विचार व्हायला हवा. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा आहे आणि खासगी ध्वनियंत्रणेचा आवाज आपल्या हद्दीवर त्याहून ५ डेसिबलपेक्षा जास्त नसावा. खर्ज स्लॅबमधून खालच्या-वरच्या मजल्यांवर सहज जातो. सबवूफरखाली रबरी पाट ठेवून थोडा फरक पडतो, रात्री मात्र मोठे आवाज दाबणारा ‘नाइट मोड’ लावणे आणि सबवूफरचा आवाज उतरवणे हाच मार्ग.

शेवटी प्रश्न उरतो तो ऐकायचे काय याचा. नवे चित्रपट आणि मालिका ओटीटीवर बहुधा ५.१ मध्ये असतात. प्रभातच्या ‘संत तुकाराम’सारखे (१९३६) जुने चित्रपट मोनो आहेत. आजच्या रिसिव्हरमधली, सर्व स्पीकरांवर आवाज पसरवणारी डॉल्बी सराउंडसारखी प्रणाली सुरू असेल तर त्यांचा सारा आवाज मधल्या स्पीकरमधून येतो आणि तसाच तो यावा. जुने चित्रपट आवडीने पाहणाऱ्या घराने मधल्या स्पीकरवर काटकसर करू नये. दोन चॅनेलमध्ये ध्वनिमुद्रित झालेली मैफल मात्र ‘स्टीरिओ’ किंवा ‘डायरेक्ट’वरच ऐकावी, तंबोरा मागच्या भिंतीतून वाजवण्यात काही साधत नाही.

घराचे नवे काम निघाले असेल त्यांनी रंग आणि फॉल्स सीलिंगच्या आधी इलेक्ट्रिशियनला टीव्हीच्या भिंतीपासून सोफ्याच्या दोन्ही टोकांपर्यंत, सबवूफरच्या दोन संभाव्य जागांपर्यंत आणि छतात दोन ठिकाणी रिकामे पाइप टाकायला सांगावे आणि त्यात ओढायची दोरी ठेवून घ्यावी. एचडीएमआयच्या पाइपला वळणे मोठी ठेवावीत, कारण तिचे टोक छोट्या वळणातून जात नाही. स्पीकर पुढे सवडीने, एकेक करून घेता येतात. भिंत मात्र एकदाच उघडी असते.